‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्याला आधी विमा विचारा

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की अपघात आणि नुकसानभरपाई याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि खरंच एवढी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप आले की सगळ्यांना उत्तर देणं एका अंकात शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं छापत नाही कारण बऱ्याच जणांचं प्रकरण अजून चालू आहे.

प्रश्न : ताई, माझा लहान भाऊ सुतारकाम करतो, वय ३४. दीड महिन्यापूर्वी त्याच्या बाईकला टेम्पोने मागून ठोकलं, उजव्या मनगटाचा चुरा झाला, प्लेट टाकलीय. टेम्पोवाला आमच्याच तालुक्यातला, तो हॉस्पिटलात आला, २५ हजार दिले आणि चार माणसांसमोर कागदावर सही घेतली की आता काही तक्रार नाही. पोलीस स्टेशनला नुसती नोंद आहे, एफआयआर नाही. आता डॉक्टर म्हणतात मूठ पूर्ण वळणार नाही. रंधा धरता येत नाही त्याला. सही केली म्हणजे विषय संपला का? आणि टेम्पोवाला पण गरीबच आहे, त्याचं वाटोळं करायची आमची इच्छा नाही. — कराडहून एक वाचक

उत्तर : दादा, विषय संपलेला नाही, पण आता एक दिवस पण वाया घालवू नका.

आधी टेम्पोवाल्याचं बोलू, कारण तुमच्यासारखी भली माणसं नेमकी इथेच अडतात. रस्त्यावर फिरणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि तो ह्याच्यासाठीच असतो, की गाडीमुळे तिसऱ्या माणसाला इजा झाली तर पैसे विमा कंपनीने द्यायचे. म्हणजे टेम्पोचा विमा चालू असेल, लायसन्स नीट असेल तर क्लेमचे पैसे त्या गरीब माणसाच्या खिशातून जातच नाहीत. मग तो मिटवायला एवढा का धडपडतो? कधी नुसती पोलीस केसची भीती असते, ते समजू शकतं. पण खूप वेळा विमा संपलेला असतो, नाहीतर चालवणाऱ्याकडे लायसन्स नसतं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की कोणी ‘घरातल्या घरात मिटवून टाका’ म्हणालं की पहिला प्रश्न विमा पॉलिसीचा विचारा, गाडीचा नंबर टाकून एमपरिवहन ॲपवर विमा कधीपर्यंत आहे ते दोन मिनिटात दिसतं. लायसन्सची भानगड असली तरी घाबरू नका, सुप्रीम कोर्टाने २००४ च्या स्वरन सिंग निकालात सांगितलंय की अशा केसमध्ये कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करावेत. विमाच नसेल तर मात्र मालकाला स्वतः भरावं लागतं, आणि तिथे वसुली अवघड जाते हे खरं आहे.

आता त्या कागदाचं. असल्या चिठ्ठीमुळे क्लेम करायचा हक्क आपोआप जात नाही, अपघाताचे क्लेम जिथे चालतात त्या न्यायाधिकरणाला कायद्याने ‘न्याय्य भरपाई’ ठरवायची असते आणि मनगट गेलेल्या सुताराला २५ हजार ही न्याय्य भरपाई आहे असं कोणी म्हणू शकेल का? पण तो कागद लपवू नका. अर्जातच लिहा की एवढे पैसे मिळाले, अशा परिस्थितीत सही घेतली. आपण लपवलं आणि उलटतपासणीत समोरच्या वकिलाने तो काढला की खऱ्या माणसावरचा पण विश्वास जातो.

एफआयआरला उशीर झाला म्हणून क्लेम पडत नाही. रवी विरुद्ध बद्रीनारायण ह्या २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की घरचा माणूस हॉस्पिटलात असताना लोक आधी उपचारामागे धावतात, पोलीस स्टेशनला नाही. तेव्हा डिस्चार्ज कार्ड, हॉस्पिटलची एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद, टेम्पोचा नंबर घेऊन ठाण्यात जा आणि लेखी तक्रार द्या, उशीर का झाला ते पण लिहा. घेत नसतील तर तोच अर्ज पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तिथूनही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. घटनास्थळाचा पंचनामा व्हायलाच पाहिजे, अख्खा क्लेम त्याच्यावर उभा राहतो.

मुदत : १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे लोक ज्याला मॅक्ट म्हणतात तिथे, अपघातापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज टाकायचा असा नियम आहे. ह्या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की फक्त मुदत गेली म्हणून अर्ज फेटाळू नका, पण तो अंतरिम आदेश आहे, त्याच्या भरवशावर बसू नका. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, कुठेही अर्ज चालतो, त्यामुळे लांब जायची गरज नाही. पोलिसांनी ४८ तासात पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसात सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असं पण नियमात आहे, पण तो वेळेवर गेला का ते तुम्हालाच बघावं लागतं.

आता पैशाचं, कारण लोकांना वाटतं कोर्ट अंदाजाने आकडा टाकतं. तसं नाही, हिशोब असतो. समजा भाऊ महिन्याला १८ हजार कमावतो. स्वतःचं काम करणारा आणि चाळिशीच्या आतला म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात (हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून आलं), म्हणजे २५,२००. वर्षाचे झाले ३,०२,४००. ३१ ते ३५ वयाला १६ ने गुणायचं, हा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला. होतात ४८,३८,४००. आता कमाई किती टक्के गेली? डॉक्टरच्या दाखल्यावर समजा हाताचं अपंगत्व २० टक्के आहे, पण कोर्टाने बघायचं असतं की त्या माणसाच्या त्या धंद्यात किती फरक पडला. राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या २०१० च्या निकालात हेच उदाहरण आहे, डावा हात गेला तर सरकारी क्लार्कची नोकरी टिकू शकते, पण ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते. तुमच्या भावाचा तर उजवा हात आहे. कोर्टाने ३० टक्के धरलं तरी १४,५१,५२० रुपये नुसत्या कमाईच्या नुकसानीचे होतात, वर औषधपाणी, प्लेट काढायचं पुढचं ऑपरेशन, घरी बसलेले महिने, रिक्षाभाडं, वेदना हे सगळं वेगळं. २०१८ मध्ये जगदीश विरुद्ध मोहन ह्या केसमध्ये एका तरुण सुताराचे दोन्ही हात निकामी झाले होते, दाखला ९० टक्क्यांचा होता, पण सुप्रीम कोर्टाने कमाईचं नुकसान पूर्ण १०० टक्के धरलं. भावाच्या वकिलांना हे निकाल नक्की दाखवायला सांगा.

फक्त १८ हजार कमावतो हे दाखवायचं कसं, कारण सुताराकडे सॅलरी स्लिप नसते. फोनपे-जीपेच्या एन्ट्र्या काढा, प्लायवूड आणि हार्डवेअरच्या दुकानाच्या पावत्या, केलेल्या कामांचे मोबाईलमधले फोटो, गिऱ्हाइकांचे ‘कपाट कधी देताय’ असे मेसेज, आणि दोन गिऱ्हाइकं साक्षीला तयार असतील तर उत्तमच. हे नसेल तर कोर्ट उत्पन्न फार कमी धरतं आणि तिथेच निम्मा क्लेम जातो. अपंगत्वाचा दाखला सिव्हिलमधून घ्या आणि दाखला देणारे डॉक्टर साक्षीला येतील हे आधीच बघून ठेवा, नुसता कागद लावून भागत नाही.

प्रश्न : मेडिक्लेममधून हॉस्पिटलचं बिल मिळालं. आता एजंट म्हणतो मॅक्टमध्ये औषधाचा खर्च मागता येणार नाही, डबल होतं. खरं का? — पुणे

उत्तर : नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने सांगितलंय की मेडिक्लेमचे पैसे मॅक्टच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत, कारण तो तुम्ही स्वतः हप्ते भरून केलेला वेगळा करार आहे. ओरिजिनल बिलं मेडिक्लेम कंपनीने ठेवून घेतली असतील, तर त्यांच्याकडून शिक्क्याच्या प्रती मागून घ्या. आणि जाता जाता सगळ्यांसाठी, मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार मिळायची केंद्राची योजना आहे, ॲडमिट करताना काउंटरवर विचारायला लाजू नका.

प्रश्न : आई सकाळी दूध आणायला गेली होती, एका गाडीने उडवलं आणि पळून गेली. नंबर कोणी बघितला नाही. मांडीचं हाड मोडलंय. आई घरीच असते, कमाई नाही, तर काही मिळणार नाही असं सगळे म्हणतात. — सोलापूर

उत्तर : दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत ह्यात, दोन्ही चुकीच्या सांगितल्यात तुम्हाला.

गाडी सापडली नाही तर हिट अँड रनची सरकारी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर दुखापत असेल तर ५० हजार मिळतात, आधी हे २५ हजार आणि साडेबारा हजारच होते. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. ह्याला कोर्टात जावं लागत नाही, अर्ज आपल्या भागातल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात द्यायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते आणि पैसे थेट खात्यात येतात. एफआयआरची प्रत, हॉस्पिटलचे कागद, आधार आणि पासबुक जोडा. तहसीलमध्ये ‘अशी काही योजना नाही’ म्हणाले तर परत येऊ नका, अर्ज आवकला देऊन पोच घ्या, पोच असली की पुढे सरकावंच लागतं.

५० हजारात आजच्या काळात मांडीचं ऑपरेशन होत नाही, हे मला पण कळतंय. म्हणून गाडी शोधायचा नाद सोडू नका. दूध डेअरी, मेडिकल, एटीएम, कॉर्नरच्या सोसायटीचे कॅमेरे बघा आणि लवकर बघा, बऱ्याच ठिकाणी जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. फुटेज स्वतः मागून मिळालं नाही तर तपासी अंमलदाराला लेखी द्या की ह्या ह्या ठिकाणचं जप्त करा. गाडी सापडली तर मॅक्टमध्ये पूर्ण क्लेम करता येतो, आधी मिळालेले ५० हजार त्यातून वळते होतात एवढंच.

आणि ‘घरी असते म्हणून कमाई नाही’ हे वाक्य मला फार लागतं. स्वयंपाक, पाणी भरणं, आजारी माणसाचं करणं, नातवंडं सांभाळणं, हे सगळं बाहेरून पैसे देऊन करून घ्यायचं म्हटलं तर महिन्याला किती होतील? ५ जानेवारी २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स ह्या निकालात सुप्रीम कोर्टाने गृहिणीच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे आणि त्यावर भविष्यातली वाढ पण धरली पाहिजे असं सांगितलंय. आई पडल्यापासून घरकामाला बाई ठेवली असेल, डबा लावला असेल तर त्याच्या पावत्या ठेवा.

प्रश्न : हॉस्पिटलमध्येच एक माणूस भेटला, म्हणाला वकील मी देतो, एक रुपया लागणार नाही, पैसे मिळाल्यावर ३० टक्के द्या. त्याने कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेतल्यात आणि एक कोरा चेक मागतोय. देऊ का? — अहिल्यानगर

उत्तर : अजिबात देऊ नका. कोरा चेक नाही, कोरा स्टॅम्पपेपर नाही, पासबुक आणि एटीएम पण नाही. बार कौन्सिलच्या नियमात सरळ लिहिलंय की निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वकिलाने वाटा घ्यायचा नाही. म्हणजे हे ३० टक्के वकिलाने स्वतः मागितले तरी नियमाबाहेर आहे, आणि हा तर वकील पण नाही, वॉर्डात फिरून गिऱ्हाईक पकडणारा आहे. माझ्याच क्षेत्रातली गोष्ट आहे आणि ती बंद झाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण ज्यांच्या घरातला कमावता माणूस झोपलाय त्यांच्याच हातातोंडाचा घास हे लोक काढून घेतात.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना, औद्योगिक कामगारांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांपर्यंतची मर्यादा आहे. सह्या केलेलं वकीलपत्र लेखी पत्र देऊन रद्द करा, त्याची प्रत जपून ठेवा. लोकअदालतीत तडजोड करायला सांगतील तेव्हा आकडा स्वतः समजून घेतल्याशिवाय सही करू नका, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.

प्रश्न : माझा नवरा संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमधून दारातून पडला, डोंबिवली आणि कोपरच्या मध्ये. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पास खिशात होता तो गेला, पाकीट पण गेलं. रेल्वेवाले म्हणतात तिकीट नाही म्हणजे प्रवासी नाही, आणि दारात उभा होता म्हणजे चूक त्याचीच. — डोंबिवली

उत्तर : ताई, ह्याला मॅक्ट नाही, रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे (नागपूरला पण आहे, विदर्भातल्या वाचकांनी लक्षात ठेवा). मुदत एक वर्षाची.

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४-अ मध्ये गाडीतून पडणं ही ‘अनुचित घटना’ आहे आणि त्यात चूक कोणाची हे बघायचंच नसतं. भरपाई नाकारायची कारणं कायद्यातच ठरवून दिलीत : आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःला मुद्दाम करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेड, आणि नैसर्गिक आजार. गर्दीत आत शिरायला जागाच नाही म्हणून दारात लटकणं ह्यातल्या कशात बसतं? विरार किंवा कर्जत फास्टला संध्याकाळी सहा-सातला जो चढलाय त्याला विचारा, दारात उभं राहणं ही हौस असते का. २०१८ च्या रीना देवी निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रवाशाचा निष्काळजीपणा म्हणजे स्वतःला मुद्दाम केलेली इजा नव्हे, आणि त्याच निकालात हे पण सांगितलं की नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असं म्हणता येणार नाही. तुम्ही प्रतिज्ञापत्र द्यायचं की तो रोज ह्या गाडीने जायचा, पास होता, मग तो प्रवासी नव्हता हे दाखवायची जबाबदारी रेल्वेवर जाते.

तरी पुरावा गोळा कराच. पास कुठून काढला, ॲपवर असेल तर त्याचा मेसेज किंवा पेमेंटची एन्ट्री, आधीच्या महिन्यांचे जुने पास, ऑफिसचं हजेरीपत्रक आणि त्या दिवशी किती वाजता सुटला त्याचं पत्र, बरोबर चढणारा एखादा मित्र. स्टेशन मास्तरचा मेमो, रेल्वे पोलिसांचा पंचनामा आणि हॉस्पिटलला दिलेला मेमो ह्याच्या प्रती मागा. पंचनाम्यात ‘रूळ ओलांडताना’ असं लिहिलेलं नाही ना हे सगळ्यात आधी बघा, कारण तसं लिहिलं तर ती गाडीतून पडल्याची केस राहत नाही आणि क्लेम तिथेच अडकतो. चुकीचं लिहिलं असेल तर ताबडतोब लेखी हरकत घ्या. मृत्यूला १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख आहेत, आणि अवयव गेला तर कुठला आणि कुठून कापला ह्याप्रमाणे नियमात रक्कम ठरलेली आहे, म्हणून ऑपरेशनच्या कागदावर पाय नेमका कुठून काढला ते स्पष्ट लिहून घ्या.

प्रश्न : खड्ड्यात स्कूटर आपटून खांदा निखळला. समोर गाडीच नव्हती, मग क्लेम कोणावर करायचा? — ठाणे

उत्तर : रस्ता ज्याचा त्याच्यावर. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई हायकोर्टाने आदेश दिलाय की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख द्यायचे, आणि ते पैसे जबाबदार ठेकेदार किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करायचे. त्यासाठी महापालिकेत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे, अर्ज आल्यावर ६ ते ८ आठवड्यात पैसे द्यायचे असं कोर्टाने सांगितलंय. अर्जाबरोबर लागणार काय, तर खड्ड्याचा फोटो लोकेशन आणि तारखेसकट, जवळची खूण म्हणजे पूल, दुकानाची पाटी दिसेल असा. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवतात, आणि मग दाखवायला काही उरत नाही, म्हणून तुम्ही हॉस्पिटलात असाल तर मित्राला पाठवा. आणि केस पेपरवर डॉक्टरांना ‘स्कूटर खड्ड्यात गेल्याने पडले’ असंच लिहायला सांगा, नुसतं ‘पडले’ लिहिलं की पुढे भांडत बसावं लागतं.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी बाईक विकली, नावावर करून घेतो म्हणाला आणि केलीच नाही. आता त्याने कोणाला तरी ठोकलंय आणि मॅक्टची नोटीस मला आलीय, १८ लाखांचा क्लेम. — नाशिक

उत्तर : नोटीस बाजूला टाकू नका, तारखेला हजर राहा, नाहीतर एकतर्फी निकाल होईल. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या २०१८ च्या निकालानुसार आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, विक्रीचा साधा कागद दाखवून सुटका होत नाही. तुमचं सगळं आता एका गोष्टीवर आहे, अपघाताच्या दिवशी बाईकचा विमा चालू होता का. पॉलिसी शोधा, सापडत नसेल तर एमपरिवहनवरून कंपनी आणि पॉलिसी नंबर काढा, वकिलामार्फत लेखी म्हणणं द्या, कंपनी त्या दाव्यात पक्षकार आहे का ते बघा आणि नसेल तर तिला सामील करायचा अर्ज द्या. विकत घेणाऱ्याला पण सामील करायला सांगा, विक्रीचा कागद आणि पैसे आल्याची बँकेची एन्ट्री जोडून. आणि ज्या वाचकांची जुनी गाडी अजून आपल्याच नावावर दुसरा कोणी चालवतोय, त्यांनी आरटीओत ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० ह्याच आठवड्यात भरून टाका.